परदेशात पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा कोण देणार?

ऑगस्ट-सप्टेंबर महिना आला की आपल्या वस्त्यांमधून अलीकडे एक आनंदाचे दृश्य दिसते. विहारासमोर छोटासा मंडप पडतो. उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मुलाचा किंवा मुलीचा सत्कार असतो. त्रिसरण-पंचशील होते, शाल आणि पुष्पगुच्छ दिला जातो, बाबासाहेबांची तसबीर भेट दिली जाते. चौकात फ्लेक्स लागतो. वक्ते सांगतात की आमची लेक बाबासाहेबांच्या पावलावर पाऊल ठेवून निघाली. मग गाडीत दाटीवाटीने बसून सगळे मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडायला जातात आणि काचेपलीकडे पोर दिसेनाशी झाली की डोळे पुसत परततात.

हा अभिमान खोटा नाही. ज्यांच्या आजीला गावच्या आडावर घागर लावू दिली नाही, त्यांची नात विमानात बसते ही साधी गोष्ट नव्हे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची शिष्यवृत्ती आहे. शिवाय शेत गहाण टाकून, भविष्य निर्वाह निधी मोडून, बँकेचे कर्ज काढून मुलांना पाठवणारे आईबापही आता आपल्यात आहेत. परंतु या सत्कारांमध्ये एक प्रश्न कोणीच विचारत नाही. विमान उतरल्यावर पुढे काय? पहिल्या रात्री ही पोर पाठ कुठे टेकणार?

मीही तो विचारला नव्हता, हे आधीच कबूल करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये माझी सख्खी भाची सार्वजनिक आरोग्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला बर्मिंगहॅम येथे गेली. वडील एस.टी.मध्ये वाहक, आई अंगणवाडी सेविका. नांदेडच्या विहारात तिचा सत्कार झाला तेव्हा अध्यक्षीय भाषण मीच ठोकले. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन, सगळे सांगितले. टाळ्या झाल्या. तिच्या बॅगेत ज्वारीचे पीठ, जवसाची चटणी, कुकर आणि आजीने शिवलेली वाकळ होती. बाबासाहेबांची तसबीर तिने कपड्यांच्या मध्ये गुंडाळून ठेवली होती. ती उतरणार कुठे, एवढे मात्र मामाने विचारले नाही.

पत्ता नाही म्हणून खाते नाही

इंग्लंडमध्ये नव्याने गेलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस कशात जातात? बँकेत खाते उघडायचे तर पत्त्याचा पुरावा लागतो. पत्ता मिळवायचा तर खोली लागते. खोली घ्यायची तर घरमालक बँक खाते, उत्पन्नाचा दाखला आणि जामीनदार मागतो. जामीनदारही ब्रिटनमध्येच राहणारा, चांगल्या पगाराचा. नांदेडच्या एस.टी. वाहकाची मुलगी असा जामीनदार आणणार कुठून? जामीनदार नसेल तर सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरा, असे तिला सांगण्यात आले. पुढे २०२५ मध्ये तिथे भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि आगाऊ भाड्यावर बंधन आले, पण ते तिच्या कामी आले नाही. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता यायचा होता. हातात होते ते आईचे मंगळसूत्र मोडून आणलेले पैसे.

बाकीही पुष्कळ असते. खोलीतल्या विजेच्या मीटरला मोबाईलसारखे पैसे भरावे लागतात, संपले की अंधार. नोव्हेंबर उजाडला की दुपारी चारलाच दिवस मावळतो. घरपट्टीसारख्या काउन्सिल टॅक्सचे पत्र दारात येऊन पडते आणि छातीत धस्स होते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला तो कर माफ असतो, विद्यापीठाचा दाखला दाखवला की झाले, हे सांगणारे कोणी नसते. भाचीला खोकला झाला. ती दोन आठवडे घरून नेलेल्या गोळ्या खात राहिली, कारण डॉक्टरची फी किती असेल याची तिला धास्ती. व्हिसा काढतानाच आरोग्य अधिभार म्हणून भलीमोठी रक्कम भरलेली असते आणि घराजवळच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवले की डॉक्टर मोफत तपासतो, हे तिला महिनाभराने एका नायजेरियन वर्गमैत्रिणीने सांगितले.

म्हणजे कायदे आहेत, सोयी आहेत, हक्क आहेत. माहिती मात्र माणसाकडून माणसाकडे जाते. कोणत्या भागात राहावे, कुठे जाऊ नये, जुनी सायकल कुठे मिळते, शनिवार-रविवारचे काम कोण देते, हे सगळे 'आपली माणसे' सांगतात. प्रश्न एवढाच उरतो की परदेशात आपली माणसे म्हणजे कोण?

"तुमच्यात कुलदैवत कोणतं?"

भाचीला खोली मिळाली ती 'आपल्याच' माणसांकडून. एका भारतीय कुटुंबाने घर भाड्याने घेतले होते आणि त्यातल्या खोल्या ते पुढे विद्यार्थ्यांना देत. घरात चार जण, त्यातले दोघे मराठी. जाहिरातीत लिहिले होते, 'शाकाहारी मुलगी हवी'. तिने घरात मांसमच्छी शिजवणार नाही असे कबूल केले. मराठी बोलायला मिळेल या आनंदात तिला त्याचे काही वाटले नाही.

तिचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. त्यावरून अंदाज लागेना. मग चौकशी सुरू झाली. मूळचे कुठले? नांदेडमध्ये कोणत्या भागात घर? तुमच्यात लग्नं कशी होतात? तुमचं कुलदैवत कोणतं? हे प्रश्न गोड आवाजात, चहा देता देता विचारले जातात. ज्याला विचारले जातात त्यालाच त्यांची धार कळते. भाचीने सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध आहोत."

त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. दोन दिवसांनी फ्रीजमध्ये तिचा कप्पा वेगळा झाला. आठवड्याने तिची भांडी वेगळ्या कपाटात गेली. दिवाळीला घरात पाहुणे येणार म्हणून तिला त्या दिवशी उशिरापर्यंत ग्रंथालयातच थांबण्याची सूचना मिळाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निरोप आला की नातेवाईक राहायला येणार आहेत, तेव्हा खोली रिकामी करावी लागेल. अनामत रक्कम रोख दिलेली, पावती नाही. निम्मी परत मिळाली. नंतर कळले की त्या खोलीत कोणी नातेवाईक आले नाहीत, दुसरी मुलगी आली.

ती त्या नायजेरियन मैत्रिणीच्या खोलीत पाच रात्री जमिनीवर झोपली. घरी एक शब्द सांगितला नाही. मला हे समजले ते फेब्रुवारीत. मी रागावलो, म्हणालो, तू भांडली का नाहीस? त्यावर ती म्हणाली, "मामा, नांदेडला असते तर भांडले असते. इथं त्या थंडीत भांडून जायचं कुठं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अध्यक्षीय भाषण करणाऱ्या मामाकडे तर मुळीच नव्हते.

बडोदा ते बर्मिंगहॅम

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या पुस्तिकेत आपल्या आयुष्यातील काही प्रसंग लिहून ठेवले आहेत. त्यातला बडोद्याचा प्रसंग प्रत्येक आंबेडकरी माणसाला ठाऊक आहे. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला गेले आणि १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी परतले. ते लिहितात की परदेशातल्या त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर मात्र पहिलाच प्रश्न उभा राहिला की राहायचे कुठे. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. शेवटी जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकून आलेला तो विद्वान बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

आता माझ्या भाचीचे पाहा. बाबासाहेबांना परदेशात जातीचा विसर पडला आणि मायदेशी पाऊल टाकताच जातीने गाठले. शंभर वर्षांनंतर आमच्या मुलीला जातीने परदेशातच गाठले. हा फरक का पडला? १९१३ च्या न्यूयॉर्कमध्ये भारतीय मोजकेच होते. बाबासाहेब वसतिगृहात राहत, तिथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती होता. आज लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅममध्ये भारतीयांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. नवा माणूस गोऱ्यांच्या देशात उतरत असला तरी त्याचे पहिले पाऊल भारतीयांच्या उंबरठ्यावर पडते. खोली, काम, ओळख, डबा, सगळे त्या उंबरठ्याच्या आत आहे. आणि तो उंबरठा इथूनच उचलून नेलेला आहे.

हा धोका बाबासाहेबांनी विद्यार्थी असतानाच ओळखला होता. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांचे एक विधान आधाराला घेतले. हे केतकर म्हणजे पुढे मराठी ज्ञानकोश रचणारे. हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे जातीचा प्रश्न घेऊन जाईल आणि तो सगळ्या जगाचा प्रश्न बनेल, असा त्या विधानाचा आशय. आपले वक्ते हे वाक्य सरसकट बाबासाहेबांचे म्हणून सांगतात. मूळ केतकरांचे आहे, बाबासाहेबांनी त्याचे महत्त्व ओळखून ते पुढे मांडले, हे नेमकेपणाने सांगितले पाहिजे.

कायदा किती पुरतो?

ते विधान कसे खरे ठरले, याचे पुरावे तिथल्या न्यायालयांत आहेत. बिहारमधील आदिवासी समाजातल्या एका महिलेला घरकामासाठी इंग्लंडला नेण्यात आले. तिने साडेचार वर्षे, आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला अठरा तास काम केले. पासपोर्ट मालकाकडे. झोपायला जमिनीवर फोमची गादी. मजुरीचा हिशेब तासाला जेमतेम अकरा पेन्स निघाला. मालकही भारतीय वंशाचेच. २०१४ मध्ये तिथल्या अपिलीय न्यायाधिकरणाने म्हटले की जातीवरून केलेला भेदभाव काही बाबतींत वांशिक मूळ या संज्ञेखाली येऊ शकतो. २०१५ मध्ये तिला थकीत किमान वेतनापोटी एक लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली.

ब्रिटनच्या समानता कायद्यात २०१० साली जातीचा समावेश करण्याचा अधिकार मंत्र्याला देण्यात आला. आपल्या संघटनांनी, विशेषतः पंजाबी आंबेडकरी आणि रविदासिया बांधवांनी, पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये त्या अधिकाराचे बंधनात रूपांतर झाले. मग तिथल्या प्रस्थापित हिंदू संघटनांनी विरोधाची मोहीम उघडली. २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की स्वतंत्र तरतूद करणार नाही, न्यायालयांच्या निवाड्यांवर विसंबून राहू. अमेरिकेतही हीच रस्सीखेच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीभेदाला बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले.

कायद्याची लढाई लढलीच पाहिजे. परंतु फ्रीजमधला वेगळा कप्पा, चहा देताना विचारलेले कुलदैवत आणि 'नातेवाईक येणार आहेत' हा निरोप कोणत्या कोर्टात सिद्ध करणार? एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला आलेली एकवीस वर्षांची मुलगी परीक्षा देईल की दावा लढेल? तिला त्या रात्री निकालपत्र नको असते, खोली हवी असते.

पंजाबी बांधवांकडून शिकण्यासारखे

एप्रिल २०२४ मध्ये भाची एका मैत्रिणीबरोबर वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजूला भीमजयंतीला गेली. तिथे तिला जे दिसले ते तिने मला तासभर सांगितले. पंजाबच्या दोआब भागातून, जालंधर-होशियारपूरकडून, १९५०-६० च्या दशकांत आपले हजारो बांधव ब्रिटनला गेले. ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत, भट्ट्यांवर त्यांनी काम केले. एका घरात दहा-बारा जण राहत. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या बिछान्यावर दिवसपाळीचा झोपे. गोरे खोली देत नसत आणि आपल्या देशातले वरच्या जातीचे लोक बरोबरीने बसवत नसत. तेव्हा त्यांनी पैसे जमवून घरे घेतली, गुरू रविदासांची गुरुद्वारे उभी केली, बुद्धविहार बांधले. वुल्व्हरहॅम्प्टनचा बुद्धविहार हे त्याचेच फळ.

जयंतीच्या भोजनाच्या वेळी एका वृद्ध पंजाबी बाईने भाचीला जवळ बसवले. नाव विचारले, गाव विचारले, कुठे राहतेस विचारले. ही तिसरी चौकशी ऐकून भाची थोडी सावध झाली. बाई म्हणाली, "बेटा, हमारे घर में एक कमरा खाली है।" जामीन नाही, कुलदैवत नाही. पुढचे सहा महिने ती त्या घरात राहिली, प्रबंध तिथेच लिहिला. कपड्यांत गुंडाळलेली तसबीर पहिल्यांदा भिंतीवर लागली ती त्या खोलीत.

या बांधवांची भाषा वेगळी, गुरूपरंपरा वेगळी, पण बाबासाहेब एक. आपण महाराष्ट्रातले लोक मात्र परदेशात गेल्यावर आधी मराठी मंडळ शोधतो, विहार नंतर. आणि आपल्यातलेच काही जण चांगली नोकरी लागली, घर झाले, की 'इथे कोणाला माहीत नाही, कशाला सांगायचे' म्हणून तोंड लपवतात. त्यांची भीती मला समजते, कारण भाचीचे काय झाले ते मी ऐकले आहे. पण लपलेला माणूस नव्या पोराला हाक कशी मारणार? आणि पोराने तरी त्याला ओळखायचे कसे?

सत्काराच्या पुढचे काम

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. त्याच्या स्मारकाला स्थानिक परवानगीचा अडथळा आला आणि २०२० मध्ये तो दूर झाला. ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची बाब आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुतळा आहे, अमेरिकेत मेरीलँडमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये भव्य पुतळा उभा राहिला. पुतळे हवेतच. परंतु ज्या शहरात बाबासाहेबांचा पुतळा आहे त्या शहरात बाबासाहेबांच्या लेकीला पहिले दहा दिवस राहायला एक गादी नसावी, हे आपल्याला शोभते का?

बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले ते स्वतःच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या आधारावर. त्या महापुरुषालाही एका मित्राचा हात लागला. मग आमच्या साध्यासुध्या मुलांना तो लागणार नाही का?

म्हणून काही गोष्टी सुचवतो. विहाराच्या सत्काराआधी एक रविवार त्या मुलासाठी ठेवा. पूर्वी गेलेल्या कोणाला तरी फोनवर घ्या आणि खोली, बँक, डॉक्टर, काम, कर यांची माहिती त्याला समजावून द्या. इंग्लंडला जाणाऱ्याला बजावून सांगा की भाड्याने घेताना अनामत रोख देऊ नये. तिथे साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही आणि ती तीस दिवसांत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत जमा करावी लागते. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नये, मग तो कितीही 'आपला' असो. शाल-पुष्पगुच्छाऐवजी पहिल्या महिन्याच्या भाड्याची रक्कम द्या, कारण हप्ता उशिरा आला तर पोराने कोणापुढे हात पसरायचे? प्रत्येक जयंती समितीने डी.जे.च्या खर्चातला चौथा हिस्सा बाजूला काढला तरी हे सहज होईल. मीही अशा समितीत वीस वर्षे आहे, म्हणून बोलण्याचा अधिकार घेतो.

आणि जे परदेशात स्थिरावले आहेत त्यांना हात जोडून विनंती. तुमच्याकडे पगाराची पावती आहे, तिथला पत्ता आहे. तुमची एक सही एखाद्या मुलाला जामीनदार म्हणून उभी राहू शकते. तुमच्या बैठकीच्या खोलीतली एक गादी दहा रात्री उपयोगी पडू शकते. समाजाचे देणे समाजाला परत करा असे बाबासाहेबांनी शिकलेल्यांना बजावले, ते देणे फक्त चेकने फिटत नाही.

भाची आता बर्मिंगहॅममध्येच नोकरीला आहे. कायमचे राहायचे की परत यायचे, हे तिचे अजून ठरलेले नाही आणि मीही आग्रह करत नाही. तिच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि पलंगाखाली गुंडाळलेली एक जादा गादी. गेल्या सप्टेंबरमध्ये त्या गादीवर लातूरची एक आणि अकोल्याची एक अशा दोन मुली पाळीपाळीने झोपल्या. आजीची वाकळ त्यांच्या अंगावर होती. फोनवर मी विचारले, "त्या मुली कोण, कुठल्या?" ती म्हणाली, "मामा, जयभीम म्हणाल्या. मग पुढचं कशाला विचारू?"

यंदाच्या सत्काराचे निमंत्रण मला आले आहे. भाषण करायचे नाही, असे ठरवले आहे. त्या मुलाला बाजूला घेऊन एवढेच विचारणार आहे, की बाळा, उतरणार कुठे आहेस? उत्तर नसेल तर माझ्या डायरीत एक फोन नंबर लिहिलेला आहे. असा एक तरी नंबर प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहिलेला असावा, एवढीच अपेक्षा.

जयभीम!